पाचव्या नंबरचं युर्ट

बिश्केकहून निघालेली शेअर टॅक्सी कोक-बुलुंगच्या फाट्यावर थांबली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. फाट्यावर धुरी दिलेले मासे विकायला बसलेल्या बाईनं माझी बॅग पाहिली आणि रशियनमध्ये विचारलं, "खोली हवीये? समोर सरोवर दिसतं."

मी किरगिझमध्ये नको म्हणाले. तिनं मान वर करून मला निरखलं आणि हातातला मासा टोपलीत ठेवला.

"बेइशेची साल्किन ना तू? जा गं बाई, लवकर जा."

वडील पहाटे गेले होते. तोतू आपांचा फोन आला तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "ये. घाई करू नकोस, पण ये." तोतू आपा म्हणजे आमच्या मागच्या घरच्या. गावातल्या बायकांत सगळ्यांत मोठ्या. जन्म असो की मरण, त्या आल्याशिवाय चूल पेटत नाही.

आमच्याकडे बापाच्या मरणाला येणारी मुलगी गल्लीच्या तोंडापासून मोठ्यानं रडत येते. घरातल्यांना तिच्या आवाजावरून कळतं, कोण आलं ते. मी गल्लीत वळले तर समोरून सायकलींवर पाच-सहा जण येत होते, डोक्यावर रंगीत हेल्मेटं, मागे ओले टॉवेल. गल्ली अरुंद आहे. त्यांना जाऊ द्यायला मी कुंपणाला टेकून उभी राहिले. त्यांतल्या एकानं हसून हात हलवला, मीही हलवला. ते वळणाआड गेल्यावर मी रडायला सुरुवात केली. आवाज इतका बारीक निघाला की कुत्रंही उठलं नाही.

अंगणात काहील चढली होती. दोन म्हातारे मेंढी सोलत होते. बायका पीठ मळत होत्या. सगळं जागच्या जागी होतं, फक्त अंगणाचा मधला भाग रिकामा होता. तिथे युर्ट नव्हतं.

मेलेल्या माणसाला आम्ही घरात ठेवत नाही. घर विटांचं असो, दुमजली असो, अंगणात नमद्याचं, म्हणजे कुटलेल्या लोकरीचं, गोल तंबूसारखं युर्ट उभं राहतं आणि दफनाला नेईपर्यंत माणूस त्यात असतो. बायका आत बसून त्याच्या नावानं विलाप गातात, पुरुष बाहेर काठीवर रेलून उभे राहतात आणि येणाऱ्याला रडून सामोरे जातात. माझ्या लहानपणी कुणी गेलं तर चहाला उकळी येण्याआधी जवळच्या घरचं युर्ट उभं झालेलं असे. कुणाचं, हे कुणी विचारत नसे.

"युर्ट?" मी विचारलं.

तोतू आपांनी पिठाचे हात झटकले. "सकाळपासून तेच चाललंय. झुमाशचं कॅम्पात. ओरोझच्या घरचं कॅम्पात. माझं तर मी लेकाच्या लग्नात विकलंच. तुमचंही तिथेच. सगळी सरोवरावर जाऊन बसलीत, परदेशी लोकांना कुशीत घेऊन. तुझ्या बापाला मेल्यावर जागेसाठी बुकिंग करावं लागतंय बघ."

सोलणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळून खाली बघू लागला.

"कुबात काय म्हणतो?" कॅम्प माझ्या या चुलतभावाचा.

"कुबात म्हणतो, एजेला येऊ दे. ती शिकलेली आहे, ती समजून घेईल." एजे म्हणजे थोरली बहीण, म्हणजे मी.

वडील आतल्या खोलीत होते, खिडकीखाली, जमिनीवर. त्यांच्यावर पांढरं कापड होतं. मी शेजारी बसले. खिडकीतून शेजारच्यांचं उंच पत्र्याचं कुंपण दिसत होतं. ते घर दोन वर्षांपूर्वी बिश्केकच्या एका दंतवैद्यानं घेतलं. त्यांना धूर सोसत नाही, म्हणून वडिलांनी मासे धुरवायची भट्टी परसातून उचलून ओढ्यापलीकडे नेली होती. तक्रार अशी झाली नव्हती. दंतवैद्य एकदा खोकत खोकत चहाला आला होता, एवढंच. वडिलांनी मला ते फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं. पुस्तकांत माणसं शांत खोल्यांत मरतात. या खोलीत गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

मी कापडाची कड सारखी केली आणि कॅम्पात गेले.

कॅम्प म्हणजे जिथे पूर्वी होड्या ओढून ठेवत ती वाळू. मासेमारीवर बंदी आल्यावर होड्या तिथेच वाळत पडल्या. मग कुबातनं ती जागा घेतली. कुबात माझ्या मेलेल्या काकांचा मुलगा, वडिलांच्याच होडीत वाढलेला. जाळं कसं टाकायचं, वारा उलटायच्या आत कसं ओढायचं, हे त्याला वडिलांनी शिकवलं. आता वाळूवर नऊ युर्टं एका रांगेत होती, प्रत्येकाच्या दारावर नंबराची पाटी. आमच्या युर्टावर पाच होता. आजीनं स्वतःच्या मेंढ्यांची लोकर कुटून केलेला त्याचा नमदा बाकीच्यांहून काळपट दिसतो. आई गेल्यावर वडिलांनी ते कुबातला दिलं. मला म्हणाले होते, "घडी घालून ठेवलं की कसर लागते. आत कुणीतरी श्वास घेत राहिलं पाहिजे."

कुबात स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अंगात कशिद्याचं जाकीट, डोळे सुजलेले. त्यानं मला मिठी मारली. मग तो मागे सरकून बोलू लागला.

"एजे, सातव्या नंबरचं नवंकोरं आहे. वर पांढरं कॅनव्हास. आत्ता पोरांना सांगतो, तासाभरात अंगणात उभं करतील. उंचही जास्त आहे."

"ते आमचं नाही."

"मला कळतं. पण पाचव्यात बाई आहे एक. तिनं वसंतापासून तेच मागितलंय, फोटो बघून. खऱ्या कोळ्याचं युर्ट म्हणून. तिला काय सांगू?"

"खरा कोळी गेला म्हणून सांग."

मला माझे शब्द आवडले नाहीत, पण परत घेतले नाहीत.

"तसं नाही, एजे," तो हळू म्हणाला. "बाईला मी हलवीन. पण ते निघणार नाही. या, दाखवतो."

युर्टाच्या कडेचा नमदा त्यानं वर उचलला. आतली लाकडी जाळी फळ्यांच्या जमिनीला पट्ट्या लावून स्क्रूनं आवळलेली होती, वीतभर अंतरावर एक स्क्रू. फळ्या खालच्या तुळयांना ठोकलेल्या.

"गेल्या वर्षी उलान वारा सुटला आणि तिसऱ्या नंबरचं युर्ट आतल्या माणसांसकट उलटलं," तो म्हणाला. "तेव्हापासून सगळी अशीच. घाईनं काढायला गेलो तर जाळी फुटेल. सावकाश काढायचं तर संध्याकाळ होईल. आणि तालासहून नातेवाईक निघालेत. दुपारी पोचतील."

युर्ट म्हणजे तासाभरात उतरवून उंटावर लादायची वस्तू. ते जमिनीला स्क्रूनं बांधायचं, हे आमच्याच माणसाला सुचावं. वारा आहे हे त्याला कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. मी त्या पट्ट्या बघत राहिले. हात चांगला होता. एकही स्क्रू तिरका नव्हता.

तोतू आपा आमच्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. चालून दम लागला होता, तरी बोलल्या, "निघत नाही?"

"नाही, आपा."

"मग त्याला इथे आणा."

कुबातला आधी अर्थच लागला नाही. "कुणाला?"

"जिल्ह्याच्या साहेबाला! कुणाला म्हणजे काय? बेइशेला आणा. युर्ट त्याच्याकडे येत नाही, तर तो युर्टाकडे येईल. आयुष्यभर रोज पहाटे इथेच तर येत होता."

"इथे, आपा? या सगळ्या पाहुण्यांमध्ये?"

"पाहुणे कोण, ते एकदा नीट ठरव तू."

कुबातनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी मऊ बोलेन, असं त्याला वाटलं असावं. मी आजीच्या नमद्याकडे पाहत राहिले. तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, मग उठला आणि पाचव्या नंबरच्या दारावर टकटक केली.

दार उघडणारी बाई साठीच्या आसपासची होती, एकटी, केस कापलेले, पायात लोकरीचे मोजे. एस्टोनियाची. तिला जुनी, शाळेतली रशियन येत होती. कुबात सांगताना अडखळू लागला म्हणून मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती, मग तिनं मान वळवून छताच्या लाल वाशांकडे पाहिलं.

"हे कुणाचं तरी आहे?" ती म्हणाली. "मला वाटलं, आमच्यासाठी बनवलंय."

पाच मिनिटांत तिची बॅग बाहेर होती. पलंग पोरांनी उचलले. पलंगांखाली फळ्या होत्या, पण भिंतीवरची आईची नक्षीची पट्टी तशीच होती, आणि दाराशेजारी खुंटी, तीही.

वडिलांना आम्ही दुपारी आणलं. आठ पुरुषांनी खांद्यावर घेतलं. गल्लीतून, मग नव्या कॅफेंवरून. कॅफेतल्या लोकांनी गाणं बंद केलं नाही, कारण त्यांना ते कुठून बंद होतं माहीत नव्हतं. जेवण वाढणारी मुलगी आत धावली आणि मध्येच गाणं तुटलं. दंतवैद्य फाटकात उभा होता, हातात टोपी. तो मागून चालू लागला, थोडं अंतर ठेवून, आणि कॅम्पाच्या कमानीपाशी थांबला. आत यावं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

युर्टात डावीकडे, पुरुषांच्या बाजूला, पडदा लावून त्यांना ठेवलं. आम्ही बायका उजवीकडे भिंतीकडे तोंड करून बसलो.

माझा भाऊ रशियात, याकुत्स्कला खाणीत असतो. त्याला विमान मिळालं नाही. बाहेर काठी घेऊन उभं राहायला मुलगा नव्हता. थोड्या वेळानं मला बाहेर कुबातचा आवाज आला आणि मी नमदा बाजूला करून पाहिलं. त्यानं कशिद्याचं जाकीट काढलं होतं. कमरेला फडकं बांधलं होतं, हातात वल्ह्याचा तुटका दांडा. तालासच्या माणसांची गाडी आली, ती माणसं उतरून रीतीप्रमाणे दुरूनच ओरडत, धावत येऊ लागली, "अरे माझ्या भावा, माझ्या डोंगरा, कुठे गेलास रे!" आणि कुबात स्वतःच्या कॅम्पात, स्वतःच्या पाहुण्यांसमोर दांड्यावर वाकून मोठ्यानं रडू लागला.

पाहुणे बाहेर आले होते. काहींच्या हातात चहाचे कप. हे संध्याकाळच्या कार्यक्रमापैकी आहे असं एकाला वाटलं असावं. त्यानं फोन वर केला, टाळीही वाजवली. एक लहान मुलगी धावणाऱ्या माणसांची नक्कल करत मागे धावली, तिच्या आईनं तिला पकडलं. कुबात रडता रडताच वळला, हात पसरले आणि मेंढ्या मागे सारतात तसं त्या सगळ्यांना मागे सारत नेलं. त्याचं रडणं थांबलं नव्हतं. मला आत जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड करावं लागलं.

ऊन उतरू लागलं तशा बायका एकेक उठू लागल्या. पूर्वी त्या दफनापर्यंत उठत नसत. आता प्रत्येकीच्या घरी खोल्या भाड्यानं दिलेल्या, प्रत्येकीला जेवण वाढायचं होतं. एकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

"साल्किन, माझ्याकडे सात जण आहेत. त्यातले दोन मांस खात नाहीत. त्यांना काय घालू तेच कळत नाही मला. सकाळी येते हं."

"या, एजे."

"रागावू नकोस."

"नाही."

खरंच राग नव्हता. शेवटी तोतू आपा आणि मी उरलो, आणि आपा बसल्या बसल्याच घोरू लागल्या. मी पडद्याकडे पाहत बसले. विलापाची गाणी मला येत नाहीत. मी दुसऱ्यांच्या पुस्तकांची भाषांतरं करते. दुसऱ्यांचं दुःख कसं मांडायचं, ते मला माहीत आहे. इथे तेवढ्यानं भागत नव्हतं. म्हणून मी वडिलांना, अगदी साध्या शब्दांत, आज दिवसभरात काय काय झालं ते सांगत गेले. कोण आलं, काय म्हणालं, मेंढी कुणी दिली.

दारात कुणीतरी खाकरलं. ती एस्टोनियन बाई होती, पायात नुसते मोजे.

"माफ करा. माझ्या गोळ्या राहिल्यात. हृदयाच्या. उशाशी, जाळीत अडकवल्या होत्या."

पाकीट पडद्याच्या बाजूला होतं. मी उठून पडद्याआड गेले आणि आणून दिलं. तिनं ते हातात घेतलं, पण लगेच गेली नाही.

"मी तीन रात्री झोपले इथे."

"झोप लागली?"

"लागली." तिनं दाराकडे पाहिलं. "फक्त दाराजवळ, डावीकडून, वारा येतो."

"तिथून नेहमीच येतो. माझे वडील तिथे जुनं जाळं कोंबायचे."

"मी टॉवेल कोंबला होता," ती म्हणाली. आणि मग, पडद्याकडे न बघता, "तुम्ही एकट्याच आहात का?"

"नाही," मी म्हणाले आणि तोतू आपांकडे बोट दाखवलं. आपांचं तोंड उघडं होतं. बाईनं मान हलवली आणि गेली. तिनं अजून काही विचारलं असतं तर मी तिला बसा म्हणाले असते. तिनं विचारलं नाही आणि मी म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना अंघोळ घालून कापडात गुंडाळल्यावर कुबात दाराशी आला.

"एजे, उद्या पाचव्यासाठी लोक यायचेत. अजून मी काही कळवलेलं नाही." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मोसम अजून तीन आठवडे आहे. मला मागायची लाज वाटते. पण मागतो. तेवढे दिवस हे उभं राहू दे."

तो काल दिवसभर उभा होता. त्याचा आवाज बसला होता. मला हो म्हणावंसं वाटलं. तो उभा होता म्हणून तरी.

"रीत काय आहे?" मी विचारलं. "माणूस बाहेर नेला की युर्ट उतरवायचं."

"रीत तीच आहे."

"मग उतरवूया."

"आणि नंतर? नेणार कुठे? बिश्केकला, चौथ्या मजल्यावर?"

"नंतरचं मला माहीत नाही, कुबात."

तो वळला, स्वयंपाकघराकडे गेला आणि स्क्रू काढायचं यंत्र आणून उंबऱ्यावर ठेवलं. मग पुरुष आले.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. आम्ही दारापर्यंत जातो, तिथून पुढे नाही. त्यांनी वडिलांना उचललं, दारातून पाय आधी बाहेर काढले, आणि तो पुरुषांचा घोळका कमानीखालून टेकडीकडे निघाला. बायकांचा आवाज एकदम चढला. त्यात माझाही होता, पण वेगळा ओळखू येत नव्हता. घोळका वळला, धूळ राहिली, मग धूळही बसली.

तोतू आपांनी नाक पुसलं. "चला. ते परत यायच्या आत उतरलं पाहिजे."

स्वयंपाकघरातल्या दोन मुली यंत्र घेऊन बसल्या. एक स्क्रू निघे, दुसरा अडे. एका जागी जाळी करकरली आणि फुटली, तेव्हा मुलीनं माझ्याकडे घाबरून पाहिलं.

"फुटू दे," मी म्हणाले.

एस्टोनियन बाई थोड्या अंतरावर येऊन उभी राहिली होती. आपांनी तिच्या हातात दोरीचं टोक दिलं. "ही रिकामीच उभी आहे, तर धर म्हणावं." मी भाषांतर केलं नाही. तिनं धरलं.

नमदे उतरले. त्यांची गुंडाळी करताना बायकांना शिंका आल्या आणि कुणीतरी हसलं. मग जाळी सोडवायच्या आधी छताचा माथा कुणीतरी आतून पेलावा लागतो. वरचं लाकडी कडं खालून बेळक्याच्या काठीवर तोलून धरायचं, आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी वासे काढत जायचं. हे काम घरातल्या पुरुषाचं. आपांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"तू धर. हलू नकोस. सांगेपर्यंत सोडू नकोस."

मी मधोमध उभी राहिले. काठीचं बेळकं कड्यात बसवलं. आधी काहीच वजन लागलं नाही, कड्याला साठेक वासे धरून होते. मग एक निघाला, दुसरा निघाला. बायका गोल फिरत, मोजत नव्हत्या, बोलत होत्या, कुणाकडे आज किती माणसं जेवायला आहेत ते. वासे निघत गेले तसं वजन थोडं थोडं माझ्याकडे येत गेलं, आधी मनगटात, मग खांद्यांत. नमद्याच्या भिंती नव्हत्या. चारी बाजूंना वाळू होती, आठ युर्टं होती, सरोवर होतं, आणि टेकडीवर माणसं लहान लहान दिसत होती, वाकलेली.

शेवटचा वासा निघाला. सगळं कडं आता माझ्यावर होतं. बायका जाळीच्या घड्या घालू लागल्या, मुली स्क्रू वेचू लागल्या. मी काठी धरून उभी होते, डोक्यावर ते गोल लाकूड आणि त्यातून दिसणारं आकाश. मी काठी दोन्ही हातांनी आवळली. आपा पाठमोऱ्या होत्या. त्यांनी अजून सोड म्हटलं नव्हतं.